लाल स्ट्रेच मार्क्स, पांढरे स्ट्रेच मार्क्स: लेसर एकच नव्हे

‘लेसरने स्ट्रेच मार्क्स जातात का?’ असं सगळे विचारतात. ‘कोणत्या लेसरने?’ हे फार थोडे विचारतात. जाहिरातीत मात्र सगळं ‘लेसर’ या एकाच नावाखाली खपतं.

नवे मार्क्स लालसर-जांभळट असतात, सावळ्या त्वचेवर कधी नुसतेच गडद. त्वचेच्या आतल्या थरातलं कोलॅजेन आणि इलास्टिन (त्वचेला बळकटी आणि लवचीकपणा देणारे तंतू) ताणामुळे विस्कटलेलं असतं, रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. महिने उलटले की लाली ओसरते आणि उरतो पांढुरका, किंचित खोलगट, सुरकुतलेला पट्टा.

पल्स्ड डाय लेसर हा लालीचा. त्याचा ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, फुगलेल्या वाहिन्या आक्रसतात, लाली फिकी पडते. पांढऱ्या पट्ट्यात तसं लक्ष्यच उरलेलं नसतं, तिथे हा लेसर म्हणजे जवळपास पैसे पाण्यात. शिवाय हाच प्रकाश मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्यही शोषतं, म्हणून आपल्यासारख्या त्वचेवर तो फार जपून वापरावा लागतो.

फ्रॅक्शनल सीओटू, म्हणजे त्वचेवर ठिपक्याठिपक्यांनी मारा करणारा कार्बन डायऑक्साइड लेसर, वेगळाच. १०,६०० नॅनोमीटरची त्याची किरणं त्वचेतलं पाणी शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पडतात. मधली त्वचा शाबूत असते, तिच्या आधाराने जखम भरते आणि पुढचे काही महिने नवं कोलॅजेन तयार होत राहतं. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने बरीच सेशन्स लागतात. प्रत्येक वेळी काही दिवस जाळीदार तपकिरी खपल्या राहतात. हात फिरवला की सँडपेपरसारखं खरखरीत लागतं. खोलगटपणा कमी होतो, पण गेलेला रंग यातून हमखास परत येत नाही. त्यासाठी ३०८ नॅनोमीटरचा, अतिनील किरणांचा एक्सायमर लेसर वापरतात. त्याने आलेला रंगही टिकवायला अधूनमधून पुन्हा उपचार घ्यावे लागतात.

पट्टे पूर्ण पुसण्याचं वचन यांपैकी कुठलाच लेसर देऊ शकत नाही. माझ्या मते आपल्याकडे खरी धास्ती वेगळी आहे: उपचारानंतर उमटणारे काळे डाग. मूळ पट्ट्यांपेक्षा ते जास्त डोळ्यांत भरतात. म्हणून आधी छोट्या जागेवर चाचणी करून घ्या, आणि थोडे आठवडे थांबून डाग पडतो का ते पाहा.

आणि हो, जांघेतल्या गजकर्णावर स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचं मलम चोळत असाल, तर तिथले पट्टे त्या मलमानेच आलेले असू शकतात. लेसरआधी त्वचारोगतज्ज्ञाला ती ट्यूब दाखवा.