नांगरणीच्या दिवसांतला विसावा : शब्बाथ, रविवार आणि विदर्भाचे गाव

विदर्भातील खेड्यांत विखुरलेल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेत विसाव्याच्या दिवसाबद्दल देवाचे उपकार मानले जातात. मात्र कापूस वेचणीचे किंवा सोयाबीन सोंगणीचे दिवस असले, की उपकारस्तुती आटोपून निघालेल्यांपैकी अनेकांची पावले घराकडे न वळता शेताकडे वळतात. यात श्रद्धेची उणीव शोधणे मला अन्यायाचे वाटते. शेतात राबणाऱ्याचा विसावा मूळ आज्ञेत कुठे होता आणि पुढे तो कसा निसटला, हे पाहिल्यावर या ओढाताणीचा उलगडा होतो.

शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी येते आणि दोन्हीकडे तिचे कारण निरनिराळे दिले आहे. निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, असे म्हटले आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात मात्र मिसर देशातल्या गुलामगिरीची आठवण दिली आहे. तुम्ही स्वतः दास होता, म्हणून तुमच्या दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळावा, असा तिथला आग्रह आहे. बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका यांचीही नावे त्या यादीत आहेत. निर्गमाच्या 34व्या अध्यायातले एक वचन तर शेतकऱ्यासाठीच लिहिल्यासारखे आहे : नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी काम थांबवावे, असे ते स्पष्ट सांगते. काम हातघाईवर आलेले असतानाच थांबायला सांगणारी ही आज्ञा कठीण आहे, कारण उद्याचे पीक आपल्या एका दिवसाच्या धडपडीवर अवलंबून नाही, असा विश्वास ती मागते. रानात मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, गोळा करणाऱ्या इस्राएल लोकांना सहाव्या दिवशी दुप्पट अन्न मिळत असे, त्या प्रसंगातही हाच विश्वास आहे. शब्बाथ दिवसासाठी म्हणून नोंदलेले 92वे स्तोत्र परमेश्वराचे उपकार मानण्यापासूनच सुरू होते.

येशूच्या काळापर्यंत या दिवसाभोवती नियमांचे दाट कुंपण उभे राहिले होते. भुकेल्या शिष्यांनी शेतातून जाताना कणसे मोडली, त्यावरून वाद झाला, तेव्हा शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, असे येशूने सांगितल्याचे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या पुनरुत्थानाच्या आठवणीने ख्रिस्ती लोक आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, जमू लागले. परंतु रोमी साम्राज्यात तो सुटीचा दिवस नव्हता. इ.स. 112च्या सुमारास प्लिनी या रोमी अधिकाऱ्याने सम्राटाला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक एका ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडण्यापूर्वी जमतात, असा उल्लेख आहे. त्यांच्यात दासही होते. म्हणजे उपासना आधीपासून होती, सुटी नंतर आली.

ती सुटी सम्राट कॉन्स्टंटाइनने 321मध्ये दिली. न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी रविवारी काम बंद ठेवावे, असे त्याने फर्मावले, पण शेतकऱ्यांना त्यातून वगळले. पेरणीची किंवा द्राक्षवेल लावण्याची नेमकी वेळ हुकू नये, हे त्याने दिलेले कारण होते. वाफसा साधण्याची घाई ज्याने अनुभवली आहे त्याला हे कारण पटेल. तरीही ज्या नांगरणीचे आणि कापणीचे नाव घेऊन मोशेच्या नियमशास्त्राने विसावा सांगितला होता, नेमकी तीच कामे येथे बाहेर ठेवली गेली. पुढे 538च्या ऑर्लियन्स येथील धर्मसभेने रविवारची शेतीची कामे निषिद्ध ठरवली, तेव्हा शेतकऱ्याचा विसावा पुन्हा नियमात आला.

विदर्भात हा रविवार मिशनऱ्यांबरोबर आणि इंग्रजी कचेऱ्यांबरोबर आला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845मध्ये नागपुरात आले, तेव्हा भोसल्यांचे राज्य खालसा झालेले नव्हते. पुढे वऱ्हाडात अकोला, खामगाव, यवतमाळ या भागांत मिशनची ठाणी झाली. ठाण्याच्या आवारातल्या शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे रविवार पाळू शकत होती. आवाराबाहेरच्या मजुराचा आठवडा मात्र बाजाराच्या दिवसाने ठरत होता. त्या दिवशी चुकारा होई, तेल-मीठ घेतले जाई आणि कामाला खाडा पडे. आजही अनेक गावांत हेच चालते, आणि बाजार मंगळवारी किंवा शुक्रवारी असला तर रविवारचा खाडा मजुराला वेगळा सोसावा लागतो. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली, पण शेतमजूर तिच्याही बाहेरच राहिला.

विसाव्याची जाण मात्र या मातीला नवी नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याला बैल जुंपत नाहीत. बैलाला विसावा मिळावा असे सांगणारे निर्गमाचे 23वे प्रकरण विदर्भातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याला समजावून द्यावे लागत नाही, ते यामुळेच.

अडचण माणसाच्या विसाव्याची आहे. वेचणी किलोवर असते. ज्या दिवशी बाई वेचायला जात नाही, त्या दिवशी तिला काहीच मिळत नाही. तिने रविवार पाळावा असे तिला सांगणे सोपे आहे, परंतु अनुवादातली आज्ञा आधी मालकाला उद्देशून आहे. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते, तेव्हा रोख किती, धान्य किती, उचल किती याची बोलणी होते. मंडळीतला जमीनधारक त्याच बोलणीत पगारी रविवारही ठरवू शकतो, आणि सालगडी कोणत्याही धर्माचा असला तरी आज्ञेतली परक्याची तरतूद त्यालाही लागू होते.