गाठी धातूच्या, दांड्या कार्बनच्या

झिंक नायट्रेट आणि टेरेफ्थॅलिक आम्ल विद्रावकात विरघळवायचं, बाटली घट्ट बंद करून साधारण शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायची. काही तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी, काचेला आतून मिठाच्या खड्यांसारखे चौकोनी, पारदर्शक स्फटिक चिकटलेले दिसतात. हा एमओएफ-५, रसायनशास्त्रज्ञ ओमर याघी यांच्या गटाने १९९९ मध्ये जाहीर केलेला. एमओएफ म्हणजे धातूच्या गाठी कार्बनी दांड्यांनी जोडून उभा राहिलेला सांगाडा. दिसायला साधा, पण आत बहुतांशी पोकळी. एका ग्रॅममध्ये सुमारे २९०० चौरस मीटर पृष्ठभाग!

दांडी ओळखीची आहे. टेरेफ्थॅलिक आम्ल म्हणजे प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीचाच कच्चा माल: बेंझिनचं कडं आणि त्याच्या दोन विरुद्ध टोकांना एकेक आम्लगट. खरी गंमत गाठीत आहे. मध्ये एक ऑक्सिजन, त्याभोवती चार झिंक, आणि या पुंजक्यातून सहा दिशांना निघालेल्या सहा दांड्या. गाठीला एकटाच धातूचा आयन घेतला, तर बंधांचे कोन सहज वाकतात आणि आतलं विद्रावक काढलं की सांगाडा बऱ्याचदा बसतो. पुंजक्यात प्रत्येक आम्लगट आपल्या दोन ऑक्सिजननी दोन धातू धरतो, त्यामुळे गाठ ताठ राहते.

पण अब्जावधी तुकडे नेमके जागेवर बसवतं कोण? कोणीच नाही. गरम द्रावणात धातू-ऑक्सिजन बंध जुळतो तसा सुटतोही. चुकीचा बसलेला तुकडा निघतो, पुन्हा बसतो. घाई झाली तर हाती नुसती भुकटी येते. म्हणून कधी मुद्दाम बेंझॉइक आम्ल घालतात. त्याला आम्लगट एकच, म्हणजे हात एकच: गाठीवरची जागा थोडा वेळ अडवतं, पुढे काही जोडू शकत नाही आणि वाढीला लगाम बसतो.

एमओएफ-५ला दमट हवा सोसत नाही, हे मात्र मोठं दुखणं. २००८ मध्ये ऑस्लो विद्यापीठात सहा झिर्कोनियमची, बारा दांड्या धरणारी गाठ वापरली गेली. तो सांगाडा पाण्याला पुरून उरतो.

काही गाठी तर आधीच तयार मिळतात. रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना १८२६ मध्ये मॉलिब्डेनमचा एक पिवळा साका मिळाला होता. त्या कुळातल्या पुंजक्याची रचना रसायनशास्त्रज्ञ केगिन यांनी १९३४ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली: बारा धातू, चाळीस ऑक्सिजन. अडचण एवढीच, की या पुंजक्याच्या अंगावरचे ऑक्सिजन आधीच तृप्त असतात आणि दांडीला सहसा दाद देत नाहीत. मग मध्यस्थ म्हणून तांब्याचे किंवा चांदीचे आयन घालावे लागतात: त्यांचा एक हात पुंजक्याला, दुसरा नायट्रोजन असलेल्या दांडीला.