‘बीफ्रेंडिंग’ला मराठीत काय म्हणायचं? फोनवरच्या अनोळखी मैत्रीची पार्श्वभूमी

पेपरात आत्महत्येची बातमी आली की खाली चौकटीत नंबर असतो, हल्ली बहुतेक वेळा १४४१६, आणि त्याच्या आधी ‘समुपदेशनासाठी संपर्क’ असं छापलेलं असतं. कधीकधी खाली अजून एकदोन जुन्या संस्थांचे नंबर, त्यांच्यापुढेही समुपदेशनच. गंमत अशी की त्यातल्या काही संस्था समुपदेशन करतच नाहीत, ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगतात की बाबांनो सल्ला द्यायचा नाही. त्या जे करतात, म्हणजे सल्ला न देता समोरच्याचं म्हणणं नुसतं ऐकतात, त्याला बीफ्रेंडिंग म्हणतात. हा शब्द आपल्याकडे आला कुठून आणि चौकटीत येईपर्यंत त्याचं समुपदेशन कसं झालं, एवढ्यापुरतं हे लिहितोय. मी स्वतः मुंबईत अशा एका फोनवर काही वर्षं बसलोय, तेव्हा माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, आधीच सांगून टाकतो.

सुरुवात लंडनची. १९३५ मध्ये इंग्लंडात चोविशीतल्या एका नव्या पाद्र्याला पहिलाच अंत्यविधी करावा लागला तो चौदा वर्षांच्या मुलीचा. तिला पाळी आली होती आणि पाळी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, तिला वाटलं आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झालाय, आणि तिने जीव दिला. पुढे अठरा वर्षांनी हाच माणूस लंडनमधल्या एका चर्चमध्ये होता, शहरात दिवसाला तीन आत्महत्या होतात असं त्याच्या वाचनात आलेलं, आणि त्याचं म्हणणं साधं होतं, आग लागली किंवा चोर आले तर लोक ९९९ फिरवतात, जीव द्यावासा वाटला तर कुठला नंबर फिरवायचा? मग त्याने चर्चमध्येच तसा फोन सुरू केला, आणि २ नोव्हेंबर १९५३ ला पहिला फोन आला.

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे सांगतात. मला त्याच्या पुढचे तीन महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. कारण सुरुवातीला तिथे मैत्रीबित्री काही नव्हती, एकटा पाद्री लोकांना भेटून समजावत होता, म्हणजे आज ज्याला आपण काउन्सेलिंग म्हणू तेच. पेपरात नाव आल्यावर गर्दी वाढली, लोक बाहेर ताटकळायला लागले, मग मदतीला आलेली साधी माणसं त्यांना चहा द्यायची आणि शेजारी बसायची, नुसता वेळ काढायला. आणि हळूहळू त्या पाद्र्याच्या लक्षात आलं की चहा पिऊन काही लोक त्याला न भेटताच घरी जातायत आणि जे आत येतायत त्यांचंही ओझं बाहेरच निम्मं उतरलंय. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्याने फोन त्या चहावाल्या मंडळींच्या हातात दिला. अडलेल्या कॉलरला, म्हणजे फोन करणाऱ्याला, भेटणं आणि स्वयंसेवक निवडणं एवढंच मुख्यतः स्वतःकडे ठेवलं.

वाद इथे आहे. जीव द्यायला निघालेल्या माणसाशी बोलायचं काम डिग्री नसलेल्या कारकुनाच्या किंवा गृहिणीच्या हातात द्यायचं का? डॉक्टर लोकांना हे खटकतं आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही, डिप्रेशनला औषध लागतं तिथे ते लागतंच. पण त्या निर्णयाचा अर्थ औषध नको असा नव्हता, औषध देणारा आणि शेजारी बसणारा ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसऱ्या कामाला शिकलेला माणूस असलाच पाहिजे असं नाही, एवढाच होता. त्यातलंच अजून एक तत्त्व म्हणजे निर्णय कॉलरचा, अगदी जगायचं की नाही हासुद्धा, आपण त्याच्या हातून तो काढून घ्यायचा नाही. हे ऐकून आमच्या ट्रेनिंगच्या बॅचमधल्या दोघी पहिल्याच दिवशी उठून गेल्या होत्या, आणि मला त्यांचा राग नाही आला.

आता शब्दाचं. बीफ्रेंडिंगला मराठीत ‘मैत्री’ म्हणावं तर ती मैत्री नाही. आपल्याकडे आडनाव आणि गाव विचारल्याशिवाय ओळख पुढे सरकत नाही, इथे दोन्ही विचारायचं नाही. स्वतःचा नंबर द्यायचा नाही, बाहेर भेटायचं नाही, आणि कॉलरने उद्या परत फोन केला तर उचलणारा भलताच कुणीतरी असतो. ‘भावनिक आधार’ असं माहितीपत्रकात लिहितात, पण तसं कुणी बोलत नाही. ‘ऐकून घेणं’ म्हणावं तर मराठीत ऐकून घेणं म्हणजे शिव्या खाणं, साहेबाचं ऐकून घेतलं, सासूचं ऐकून घेतलं. (तसेही फोन येतात, आणि तेही ऐकून घ्यायचे असतात, पण ते असो.) आणि ‘समुपदेशन’ शब्दात तर उपदेश सरळ आत बसलेलाच आहे, जो इथे एकमेव वर्ज्य पदार्थ.

माझं मत ‘सोबत’ला. नवरा फिरतीवर गेला की शेजारची पोरगी सोबतीला झोपायला यायची, ती काही चोर पकडणार नसायची, पण घरात अजून एक माणूस आहे एवढ्यावर झोप लागायची. किंवा कुणी गेलं की आपण त्या घरी ‘बसायला’ जातो, काय बोलायचं ते कुणालाच माहीत नसतं तरी बसतो. फोनवर फार तर एवढंच होतं. फरक एकच, की तिथे जे कुणी विचारत नाही ते इथे स्पष्ट विचारायचं असतं, ‘तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारलं की डोक्यात कल्पना घुसते ही भीती सगळ्यांना असते आणि ती खोटी आहे, उलट विचारल्यावर समोरून जो सुस्कारा ऐकू येतो तो एकदा ऐकला की पुढच्या वेळी जीभ अडखळत नाही.

भारतात हे पसरलं त्यात चेन्नईचा वाटा मोठा. तिथे १९८६ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्वयंसेवकांचं केंद्र सुरू केलं, म्हणजे डॉक्टरनेच बिनडॉक्टरांचं काम उभं केलं. चेन्नईचं नाव पुढे एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातही येतं, २००८ मध्ये तो छापून आला, पाच देशांतली पाच शहरं, आत्महत्येचा प्रयत्न करून हॉस्पिटलात आलेली १८६७ माणसं. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय तासाभराचं बोलणं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरी भेट, कसं चाललंय एवढं विचारायला. दीड वर्षानंतर पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येने गेलेले, दुसऱ्यातले ०.२ टक्के. हे फोन डॉक्टर, नर्स वगैरे लोकांनीच केले होते तेव्हा त्याला बीफ्रेंडिंगचा पुरावा म्हणता येणार नाही हे मान्य, पण ते आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो लंडनचा चहाच आठवला.

कायद्याची भानगड मात्र आपली स्वतःची. इंग्लंडने १९६१ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न गुन्ह्यातून काढला, त्यांनीच आपल्याला दिलेलं कलम ३०९ आपण पुढे अर्धशतक सांभाळलं. त्यात मुंबईची एक केस आहे जी जास्त लोकांना माहीत असायला हवी. एक पोलीस शिपाई, १९८१ च्या अपघातात डोक्याला मार लागल्यापासून मानसिक आजारी, बायकोला भाजीच्या दुकानाची परवानगी मिळावी म्हणून १९८५ मध्ये महापालिकेत वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटायला गेला, भेट मिळाली नाही, त्याने तिथेच जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचला, तर वर गुन्हा दाखल. हायकोर्टाने १९८६ मध्ये कलम ३०९ च घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तसंच म्हटलं आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने ते फिरवलं. त्यामुळे फोन करणारे लोक वर्षानुवर्षं दबक्या आवाजात पहिला प्रश्न हाच विचारायचे, तुम्ही पोलिसांना सांगणार का. म्हणजे जगण्याबद्दल बोलण्याआधी पाच मिनिटं कलमाबद्दल.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं ठरवलं, त्यामुळे खटला जवळजवळ बंद, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर आलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ नाहीच. पण कलम २२६ आहे, सरकारी नोकराला त्याचं काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी जो असा प्रयत्न करेल त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड, नाहीतर समाजसेवेची शिक्षा. आता तो शिपाई आठवा. महापालिकेचं ऑफिस, अडवलेली भेट, भाजीच्या दुकानाची परवानगी. ज्याच्यामुळे आपल्याकडे जुनं कलम पहिल्यांदा हललं तोच माणूस या नव्या कलमात बसवता येईल असं मला तरी ते वाचून वाटतं.

आणि आता १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही, आणि २०२४ पर्यंतच दहा लाखांच्या वर फोन. २०२२ मध्येच देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. लगेच नोव्हेंबरात राष्ट्रीय धोरण आलं, २०३० पर्यंत आत्महत्यांनी होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करायचे म्हणून. या लाईनवर पगारी, प्रशिक्षित समुपदेशक असतात आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञ डॉक्टर, म्हणजे चौकटीतला ‘समुपदेशन’ शब्द त्यांच्यापुरता बरोबरच आहे. रात्री दोनला ज्याच्याकडे दुसरं कुणीच नाही त्याने खुशाल लावावा, मी घरच्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून दिलाय. स्वयंसेवकांचे जुने फोन बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेतच चालतात, माणसं मिळत नाहीत म्हणून. आमच्याकडे संध्याकाळच्या पाळीला तीन खुर्च्या होत्या, मी सोडलं तेव्हा त्यातली एकच रोज भरत होती.