हृदयाचा अ‍ॅमिलॉइडोसिस : लवकर निदानाचे प्रशिक्षण

हृदयाच्या स्नायूत अ‍ॅमिलॉइड या न विरघळणाऱ्या प्रथिनतंतूंचा थर साचत जाऊन हृदय जाड आणि ताठर होते, त्या विकाराला हृदयाचा अ‍ॅमिलॉइडोसिस म्हणतात. तो वेळेत ओळखता यावा म्हणून डॉक्टर, तंत्रज्ञ आणि शल्यचिकित्सक यांना दिले जाणारे शिक्षण हा या नोंदीचा विषय आहे. २०१५ च्या आसपासपर्यंत वैद्यकीय अभ्यासक्रमात या विकाराच्या वाट्याला जेमतेम एखादा परिच्छेद येई. पक्के निदान करायचे तर सहसा हृदयाचा तुकडा काढून तपासावा लागे, आणि निदान झाले तरी रुग्णांच्या एका मोठ्या गटासाठी औषधच नव्हते. पुढच्या दहा वर्षांत या दोन्ही गोष्टी बदलल्या. डॉक्टरांच्या सवयी मात्र तितक्या लवकर बदललेल्या नाहीत.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील राष्ट्रीय अ‍ॅमिलॉइडोसिस केंद्राने हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये जे मांडले, ते या प्रशिक्षणात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सांगितले जाते. निदान होण्याआधीच्या तीन वर्षांत या रुग्णांनी रुग्णालयाच्या १७ खेपा घातल्या होत्या (हा मध्यक आहे). उतारवयात होणाऱ्या प्रकारातील ४२ टक्के रुग्णांत हृदयाची लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला होता. रुग्णालयाची पायरी चढली नाही म्हणून निदान राहिले, असे यांच्याबाबत म्हणता येणार नाही. ते अस्थिरोग, हृदयरोग, मज्जासंस्थेचे रोग अशा वेगवेगळ्या ओपीडींत बसून आले होते आणि प्रत्येक ओपीडीने आपापल्यापुरते उत्तर दिले होते.

दोन प्रकार. हृदयातील बहुतेक सगळा अ‍ॅमिलॉइड दोन प्रथिनांपासून बनतो. पहिल्या प्रकारात अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा एक गट बेताल होऊन सदोष ‘लाइट चेन’ (प्रतिपिंडांचे तुकडे) रक्तात सोडतो. याला एएल म्हणतात. दुसऱ्यात यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन कारणीभूत असते. याला एटीटीआर म्हणतात. ट्रान्सथायरेटिन चार घटकांचे बनलेले असून थायरॉक्सिन आणि ‘अ’ जीवनसत्त्व वाहून नेते. वयामुळे किंवा जनुकीय दोषामुळे हे चार घटक सुटे झाले की त्यांचे तंतू बनू लागतात. जनुकीय दोष नसलेला प्रकार मुख्यतः साठी-पासष्टी उलटलेल्या पुरुषांत दिसतो. आनुवंशिक प्रकाराचे शंभराहून अधिक जनुकीय बदल माहीत आहेत. पोर्तुगालच्या कोरिनो द आंद्राद यांनी १९५२ मध्ये पोवुआ द वार्झिम या मच्छीमारांच्या गावाकडील कुटुंबांत जो आजार वर्णिला, त्यात मुख्यतः नसा बिघडतात. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांपैकी तीन-चार टक्के लोकांत आढळणारा व्ही१२२आय हा बदल मात्र हृदयावर घाला घालतो.

शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी मनावर घ्यावा असा फरक वेगाचा आहे. एटीटीआर वर्षानुवर्षे सरपटत पुढे जातो. एएलमध्ये हृदय निकामी होण्याची पाळी आल्यावर उपचार मिळाले नाहीत, तर निम्मे रुग्ण सहा महिनेही काढत नाहीत. त्यामुळे एएलचा संशय आला तर ‘पुढच्या महिन्यात दाखवा’ हे वाक्य चालत नाही.

का निसटते. भारतात शिकलेल्या डॉक्टरांपुढे आणखी एक अडचण आहे. अ‍ॅमिलॉइडोसिस म्हटले की जुनाट क्षय किंवा कुष्ठरोग आणि त्यामागोमाग लघवीतून प्रथिने जाऊन बिघडलेले मूत्रपिंड, हेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येते. ते खरेच आहे. पण तो एए नावाचा वेगळा प्रकार आहे आणि तो हृदयाला क्वचितच धरतो. हृदय ताठर का झाले, या प्रश्नाचे आपल्याकडचे परीक्षेतले हुकमी उत्तरही क्षयाकडेच जाते: हृदयाचे आवरण आवळले जाणे. साठीच्या माणसाला धाप, पायांना सूज आणि टू-डी इकोत पंपिंग चांगले, एवढे दिसले की ‘बीपीचे हृदय’ असा शेरा पडतो आणि केस पेपरवर तोच पुढे उतरत राहतो.

दोन कागद शेजारी ठेवणे. या प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी धडा बिनखर्चाचा आहे. एकाच रुग्णाचा ईसीजी आणि इको एकमेकांशेजारी ठेवायचे. रक्तदाबामुळे हृदयाची भिंत जाड झाली असेल तर ईसीजीतल्या लाटा उंच व्हायला हव्यात, कारण स्नायू खरोखर वाढलेला असतो. अ‍ॅमिलॉइडमध्ये भिंत १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसते, पण ती जाडी स्नायूची नसून साचलेल्या तंतूंची असते. लाटा बुटक्या राहतात किंवा भिंतीच्या मानाने कमी भरतात. कधी ईसीजीत जुना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेल्यासारख्या खुणा दिसतात आणि अँजिओग्राफी मात्र स्वच्छ निघते. दोन्ही कागद ‘नॉर्मल लिमिट’मध्ये किंवा ‘माइल्ड’ या शेऱ्याखाली बसू शकतात. विसंगती फक्त शेजारी ठेवल्यावर डोळ्यांत भरते. लाटा बुटक्या नाहीत म्हणून आजार नाही, असे मात्र समजू नये, एटीटीआरमध्ये तर मुळीच नाही. ही चूक नवशिक्यांपेक्षा अर्धवट शिकलेल्यांकडून जास्त होते.

आधुनिक इको यंत्रावर ‘स्ट्रेन’, म्हणजे स्नायू किती आखडतो ते, मोजता येतो. हृदयाच्या बुडाचे आणि मधले भाग नीट आखडत नाहीत, टोक मात्र जोमाने आखडते. यंत्राच्या गोल नकाशात मधोमध गडद लाल ठिपका आणि कडेने फिकट रंग उमटतो. अट एवढीच की इको करणाऱ्याने तो मोजायला हवा. गर्दीच्या केंद्रात दिवसभरात डझनावारी इको उरकताना तो बहुधा राहतोच.

रुग्णाच्या बोलण्यातही खुणा असतात. वर्षानुवर्षे बीपीच्या दोन-तीन गोळ्या घेणारा माणूस ‘आता गोळी लागत नाही, बीपी बरे झाले’ असे आनंदाने सांगतो. डॉक्टरही खूश होतो. उठून उभे राहताना चक्कर येते, हृदयाची गती मंदावणारे बीटा-ब्लॉकर दिल्यावर बरे वाटण्याऐवजी गळाठा येतो, हेही त्याच गोष्टीचे धागे आहेत. एएलमध्ये जीभ जाड होणे आणि डोळ्यांभोवती मार न लागता काळेनिळे डाग पडणे ही लक्षणे दिसली तर जवळजवळ शिक्कामोर्तबच होते. पण ती थोड्याच रुग्णांत दिसतात. पुस्तकातल्या त्या चित्रांची वाट पाहत बसणे परवडत नाही.

मनगटातला पुरावा. एटीटीआर हृदयाआधी पाच-दहा वर्षे सांध्यांजवळच्या ऊतींत साचू लागतो. दोन्ही मनगटांत मज्जातंतू दबणे म्हणजे कार्पल टनेल, कमरेच्या मणक्यातील पोकळी अरुंद होणे, दंडाचा स्नायूबंध विशेष जोर न लावता तुटणे, या सगळ्या पूर्वसूचना असू शकतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मनगटाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या पन्नाशीपुढील पुरुष आणि साठीपुढील स्त्रिया अशा ९८ जणांच्या ऊतीचा लहानसा तुकडा तपासला, तेव्हा १० जणांत अ‍ॅमिलॉइड सापडला. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दोघांच्या हृदयातही तो पोहोचलेला होता आणि ते कोणाला माहीत नव्हते. शस्त्रक्रिया तशीही चाललेलीच असते. तुकडा बाटलीत टाकून त्यावर ‘काँगो रेड करावे’ (हा अ‍ॅमिलॉइड दाखवणारा रंग आहे) एवढे लिहिणे बाकी असते. म्हणून आता हाताच्या शल्यचिकित्सकांनाही या प्रशिक्षणात ओढले जाते.

हृदयाच्या ओपीडीत हाच प्रश्न उलट बाजूने विचारायचा. ‘कार्पल टनेल होते का’ असे विचारले तर उत्तर नकारार्थी येते. ‘रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते का, हात झटकावा लागतो का, मनगटाचे ऑपरेशन कधी झाले का’ असे विचारले की माणूस बाही वर करून व्रण दाखवतो.

तपासण्यांचा क्रम. शंका येऊनही निदान चुकते ते बहुतेक इथे. आधी एएल आहे की नाही हे ठरवायचे. त्यासाठी तीन तपासण्या एकत्र लागतात: रक्तातील मुक्त लाइट चेन, रक्ताचे इम्युनोफिक्सेशन (बेताल प्लाझ्मा पेशींचे प्रथिन ओळखणारी तपासणी) आणि लघवीचे इम्युनोफिक्सेशन. नुसत्या प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसवर (विद्युतप्रवाहाने प्रथिने वेगळी करण्यावर) भागवले तर लहान प्रमाणातला दोष निसटतो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या ‘पॅकेज’मध्ये नेमके काय आहे ते वाचून घ्यावे. कॅप्पा आणि लॅम्डा या लाइट चेनच्या दोन प्रकारांच्या गुणोत्तराची नेहमीची मर्यादा ०·२६ ते १·६५ आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर वरची मर्यादा सैल धरावी लागते.

या तिन्ही तपासण्या निर्दोष असतील, तर टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन हृदयाच्या तुकड्याची जागा घेऊ शकतो. २०१६ मध्ये १,२१७ रुग्णांच्या अभ्यासातून हे सिद्ध झाले आणि निदानाची सारी वाटच सोपी झाली. इंजेक्शननंतर तीन तासांनी घेतलेल्या चित्रात हृदय बरगड्यांइतके किंवा त्यांच्याहून अधिक उजळ दिसले, म्हणजे इटलीतील बोलोन्याच्या पेरुजिनी यांच्या श्रेणीनुसार २ किंवा ३, तर एटीटीआर पक्का. इथे तीन सापळे आहेत. पहिला स्कॅनसाठी टोचायच्या औषधाचा: पायरोफॉस्फेट, डीपीडी किंवा एचएमडीपी चालते, पण हाडांच्या नेहमीच्या स्कॅनसाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे एमडीपी या कामी भरवशाचे नाही. दुसरा चित्राचा: सपाट चित्रात हृदयाच्या पोकळीतले रक्तच उजळ दिसून फसगत होते, म्हणून स्पेक्टवर (त्रिमितीय स्कॅनवर) उजेड स्नायूतच आहे याची खात्री करावी. तिसरा सर्वांत घातक: एएलच्या काही रुग्णांतही हा स्कॅन ठळक पॉझिटिव्ह येतो. रक्ताच्या तपासण्या टाळून केवळ स्कॅनवर एटीटीआरचे लेबल लावले, तर केमोथेरपीची गरज असलेला माणूस भलत्याच गोळीवर महिने घालवतो.

लाइट चेनमध्ये दोष निघाला तर रक्तविकारतज्ज्ञाला तातडीने गाठून ऊतीचा तुकडा तपासणे अटळ आहे. काँगो रेड रंगवलेली काच ध्रुवीकृत प्रकाशाखाली हिरवी चमकली म्हणजे अ‍ॅमिलॉइड आहे एवढेच कळते. तो कोणत्या प्रथिनाचा, हे सांगायला मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वजनावरून प्रथिन ओळखण्याची पद्धत) सर्वांत विश्वासार्ह. पोटाच्या चरबीचा नमुना घेणे सोपे असते. एएलमध्ये तो बहुधा उपयोगी पडतो, पण उतारवयातल्या एटीटीआरमध्ये शंभरातल्या सुमारे पंधरा जणांतच अ‍ॅमिलॉइड दाखवतो. तो निगेटिव्ह आला म्हणून फाइल बंद करू नये.

कसे शिकवतात. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या तज्ज्ञगटाचे २०२१ चे निवेदन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीचा २०२३ चा निर्णयमार्ग हे दोन मजकूर सध्या शिकवणीचा पाया आहेत. व्याख्याने पुष्कळ होतात, पण पंचतारांकित हॉटेलातल्या दीड तासाच्या व्याख्यानाने सोमवारची ओपीडी बदलत नाही. त्यापेक्षा खऱ्या रुग्णाची हकीकत भेटीमागून भेट उलगडत नेणे आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून ‘आता काय करशील’ असे निवासी डॉक्टरांना विचारणे परिणामकारक ठरते. इकोच्या अहवालाच्या नमुन्यातच ‘भिंत १२ मिमी किंवा अधिक असल्यास ईसीजीशी ताडून पाहिले : होय/नाही’ अशी एक ओळ घालणे त्याहून बरे, ती तंत्रज्ञालाही शिकवते आणि डॉक्टरालाही आठवण देते. विभागाने आपल्याच जुन्या जाड भिंतींच्या फाइली काढून पुन्हा वाचणे हा प्रकार थोडा बोचरा असतो, पण तो विसरला जात नाही.

कोणाकडे संशयाने पाहायचे याचे काही अंदाज उपलब्ध आहेत. पंपिंग चांगले असूनही हृदय निकामी झालेल्या, साठीच्या पुढच्या आणि जाड भिंतीच्या रुग्णांच्या २०१५ च्या एका स्पॅनिश अभ्यासात १३ टक्क्यांना एटीटीआर निघाला. महाधमनीची झडप कॅथेटरने बदलून घेणाऱ्या वृद्धांत २०१७ च्या अमेरिकन अभ्यासात हेच प्रमाण १६ टक्के होते. म्हणून प्रत्येक जाड हृदयाचा स्कॅन करावा असे नाही. जाडीच्या जोडीला वर सांगितलेली एखादी तरी खूण हवी.

या शिक्षणाला वेग आला तो औषधांमुळे. एटीटीआरवरील टॅफामिडिस या औषधाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४१ रुग्ण होते. तीस महिन्यांत औषध घेणाऱ्यांत २९·५ टक्के, तर न घेणाऱ्यांत ४२·९ टक्के मृत्यू झाले. अमेरिकेत २०१९ मध्ये ते आले तेव्हा वर्षाची छापील किंमत २,२५,००० डॉलर होती. त्यानंतर तिथे अ‍ॅकोरामिडिस (२०२४) आणि व्हुट्रिसिरान (२०२५) यांना परवानगी मिळाली. ही औषधे साचलेला अ‍ॅमिलॉइड उपसून काढत नाहीत, नवा साचणे रोखतात. टॅफामिडिसच्या चाचणीतही आजार पुढे गेलेल्यांना लाभ कमी झाला. लवकर निदानाचा आग्रह त्यासाठीच आहे. मात्र बरेचसे प्रशिक्षण याच औषधांच्या कंपन्यांच्या पैशांवर चालते आणि त्याचा कल एटीटीआरकडे झुकतो. ज्याची खरी घाई असते तो एएल दोन स्लाइडांत आटोपला जातो. त्यावरही २०२१ पासून डॅराटुमुमॅब या औषधाची जोड असलेली प्रभावी उपचारपद्धती उपलब्ध आहे.

एटीटीआर पक्का झाल्यावर रुग्णाचे वय कितीही असो, जनुकीय तपासणी करावी लागते. ऐंशीच्या आजोबांतही आनुवंशिक प्रकार निघू शकतो, आणि मग मुला-नातवंडांना कोणी, केव्हा आणि कशा शब्दांत सांगायचे हा प्रश्न उभा राहतो. तपासणीपूर्वीचे समुपदेशन हा अभ्यासक्रमांतला आजही सर्वांत कच्चा भाग आहे.