सार्कची परिषद नाही, तेल मात्र येतंय

सोयाबीनच्या धंद्यातल्या इंदूरकरापुढे सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा, विषय काढा, तो नेपाळच्या तेलावर येईल. परदेशातलं कच्चं खाद्यतेल नेपाळात रिफाइंड होतं आणि आयात ड्युटी न भरता भारतात शिरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने रिफाइंड तेलावरची ड्युटी साधारण ३६ टक्क्यांवर नेली, तसा हा ओघ वाढला आणि प्लांटवाले चिडले. ही सवलत मात्र भारतानेच दिलेली.

१९८० मध्ये बांगलादेशचे झिया-उर-रहमान यांनी सार्कची कल्पना मांडली, तेव्हा लहान शेजारी एकत्र येऊन आपल्याला घेरतात की काय, ही दिल्लीची शंका. भारत इथे पाटीलकी करील, ही पाकिस्तानची. म्हणून ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात झालेल्या सनदेतच लिहून ठेवलं: निर्णय एकमतानेच होतील, दोन देशांमधले वाद चर्चेला येणार नाहीत. मूळ सात सभासदांत भारत वगळता कुणाचीच जमिनीवरची हद्द दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे ट्रक कुठूनही कुठेही जावो, वाट आपल्यातूनच. भारताला वगळून सार्क चालणार नव्हती आणि भारताचं वजन कुणाला सोसवतही नव्हतं.

ते वजन हलकं करायला भारताने बाजार उघडला. ‘साफ्टा’ हा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू झाला. २०११ च्या मालदीव परिषदेत डॉ. मनमोहन सिंग यांनी नेपाळ, बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशांसाठी सवलतीबाहेरच्या वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणली. उरली ती मुख्यतः दारू आणि तंबाखू. शेजाऱ्यांना जवळ ठेवायचं तर एवढं सोडावंच लागतं, असं माझं मत. त्याची झळ माळव्याला लागेल हे तेव्हा कुणी बोललं नाही.

एकमताची अट पुढे भारतालाच नडली. २०१४ मध्ये काठमांडूच्या परिषदेत, एकमेकांच्या गाड्यांना हद्द ओलांडू देणारा मोटार वाहन करार पाकिस्तानने अडवला. पुढच्याच वर्षी भारताने तो बांगलादेश, भूतान, नेपाळ यांच्याशी वेगळा केला. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर भारताने इस्लामाबादच्या परिषदेला जायचं नाकारलं. एक जरी देश आला नाही तरी परिषद भरत नाही, तेव्हा काठमांडूनंतर ती भरलेलीच नाही.

दिल्लीचं लक्ष आता बिमस्टेकवर, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेवर आहे. तिथल्या मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ चा, पण करार अजून झालेला नाही. त्यामुळे ड्युटीच्या बाबतीत साफ्टाच चालू आहे.