शेजारची लेन आणि उघडणारे दार: ब्लाइंड स्पॉट वॉर्निंग व डोअर एक्झिट वॉर्निंग यांतला फरक

नव्या मोटारींच्या सुरक्षा सुविधांच्या यादीत ब्लाइंड स्पॉट (म्हणजे आरशात न दिसणारा शेजारचा भाग) वॉर्निंग आणि डोअर एक्झिट वॉर्निंग ही दोन नावे बहुधा एकाखाली एक छापलेली असतात. अनेक गाड्यांत दोन्ही सूचना बाजूच्या आरशातल्या त्याच छोट्या दिव्यातून मिळतात, त्यामुळे ही एकाच सोयीची दोन नावे असावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. हा समज अगदीच निराधार नाही, कारण बहुतेक गाड्यांत दोन्हींच्या मागचे यंत्र खरोखरच एक असते. मात्र त्या यंत्राकडून मागितलेले उत्तर वेगळे असते. पहिल्या सूचनेत प्रश्न मुख्यतः जागेचा आहे: चालत्या गाडीच्या शेजारची लेन आत्ता रिकामी आहे का? दुसऱ्या सूचनेत प्रश्न वेळेचा आहे: दार उघडल्यावर ते जेवढी जागा अडवेल, तेथे पुढच्या दोन-तीन सेकंदांत कोणी येऊन पोहोचणार आहे का? या एका फरकातून दोन्ही सूचनांचा उपयोग, त्यांच्या मर्यादा आणि त्या कोणासाठी आहेत, हे सारे ठरते.

मागच्या बंपरच्या प्लास्टिकआड, डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात, एकेक लहान रडार बसवलेले असते. आधीच्या पिढीतली अनेक रडारे 24 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करत. नव्या गाड्यांत 77 गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरला जातो, त्यामुळे अंतर व वेग अधिक बारकाईने मोजता येतात आणि सेन्सरचा आकारही आटोपशीर राहतो. वस्तूवर आदळून परतलेल्या लहरींच्या वारंवारितेत पडलेल्या फरकावरून ती वस्तू जवळ येत आहे की दूर जात आहे, आणि किती वेगाने, हे रडारला कळते. पार्किंगमधून गाडी मागे काढताना आडव्या येणाऱ्या वाहनाची सूचना देण्याचे कामही बहुधा हीच दोन रडारे करतात. ब्लाइंड स्पॉट वॉर्निंगची सुरुवात मात्र कॅमेऱ्यापासून झाली होती. व्होल्वोने 2001 मध्ये एका संकल्पना-मोटारीत ही कल्पना दाखवली आणि 2004 मध्ये ती विक्रीच्या गाड्यांत आणली, तेव्हा बाजूच्या आरशांमध्ये कॅमेरे बसवले होते. धुके आणि अंधार यांचा कॅमेऱ्याला जेवढा त्रास होतो तेवढा रडारला होत नाही, आणि पुढे रडारच रूढ झाले.

ब्लाइंड स्पॉट वॉर्निंग चालत्या गाडीसाठी आहे आणि साधारणतः एका ठरावीक किमान वेगानंतरच ती काम करू लागते. तिचे लक्ष गाडीच्या दोन्ही बाजूंना, ढोबळमानाने आरशापासून मागच्या बंपरच्या तीन मीटर मागेपर्यंत आणि एका लेनच्या रुंदीइतक्या पट्ट्यावर असते. या पट्ट्यात वाहन आले की त्या बाजूच्या आरशात दिवा स्थिर पेटतो, आणि चालकाने त्याच बाजूचा इंडिकेटर दिला की दिवा लुकलुकू लागतो व बहुतेक गाड्यांत सोबत आवाज येतो किंवा स्टिअरिंगला कंप जाणवतो. या दोन पायऱ्यांमागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. शेजारी वाहन असणे हा काही धोका नव्हे. चालकाचा तिकडे वळण्याचा इरादा असेल तरच तो धोका होतो, आणि तो इरादा गाडीला कळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे इंडिकेटर. जो चालक इंडिकेटर न देता लेन बदलतो, त्याला अनेक गाड्यांत फक्त पहिली, मूक सूचना मिळते. इंडिकेटर इतरांसाठी असतो असे आपण मानतो, पण या गाड्यांत तो स्वतःच्या गाडीलाही द्यावा लागतो.

ही सूचना सर्वांत उपयोगी पडते ती वेगाने मागून येणाऱ्या वाहनाच्या बाबतीत नव्हे, तर बरोबरीने चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत. जवळपास सारख्याच वेगाने जाणारी मोटारसायकल आरशात एकदा दिसते, मग आरशाच्या कडेबाहेर जाते आणि तिथेच, चालकाच्या खांद्यामागे, बराच वेळ रेंगाळते. चालकाची स्मृती मात्र सांगते की ती मागे पडली किंवा पुढे निघून गेली. आरशातला स्थिर दिवा या चुकीच्या स्मृतीला छेद देतो, आणि चालक थकलेला असो वा बोलण्यात गुंतलेला, दिवा पेटलेलाच राहतो.

वेगाने येणाऱ्या वाहनाचे गणित वेगळे आहे. शेजारच्या लेनमधले वाहन आपल्यापेक्षा ताशी 40 किलोमीटर अधिक वेगाने येत असेल, तर ते दर सेकंदाला सुमारे 11 मीटर जवळ येते. बंपरमागचा तीन मीटरचा टापू ते एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यातच पार करते, त्यामुळे केवळ या टापूपुरते पाहणारी यंत्रणा जेव्हा दिवा पेटवते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणूनच काही गाड्यांत लेन चेंज वॉर्निंग अशी पुढची पायरी असते, आणि तिथे रडार पन्नास-सत्तर मीटर मागचे वाहनही हिशेबात घेते. गाडी निवडताना हा तपशील विचारून घ्यावा असे माझे मत आहे, कारण नाव तेच ठेवून दोन्ही प्रकारच्या यंत्रणा विकल्या जातात. इंडिकेटर दिल्यावर पडद्यावर शेजारच्या लेनचे चित्र दाखवणारी कॅमेऱ्याची सोय हा आणखी तिसरा प्रकार. एरवी उपयुक्त असली, तरी ती फक्त दाखवते; धोका आहे की नाही हे चालकालाच ठरवावे लागते.

या सूचनेचा उपयोग मोजलाही गेला आहे. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने पोलिसांकडे नोंद झालेल्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा ब्लाइंड स्पॉट वॉर्निंग असलेल्या गाड्यांमध्ये लेन बदलताना होणारे अपघात 14 टक्के कमी, आणि त्यांपैकी इजा झालेले अपघात 23 टक्के कमी आढळले. हे आकडे दुर्लक्षण्याजोगे नाहीत, पण यंत्रावर सारे सोपवून द्यावे इतके मोठेही नाहीत.

डोअर एक्झिट वॉर्निंगची वेळ येते ती गाडी थांबल्यावर, म्हणजे ब्लाइंड स्पॉट वॉर्निंगचे काम जिथे संपते तिथे. इथे लक्ष ठेवण्याचा पट्टा पूर्ण लेनइतका रुंद नसतो. उघडलेले दार जिथवर जाईल तेवढीच गाडीलगतची जागा महत्त्वाची असते. उलट मागचे अंतर बरेच लांबवर पाहावे लागते. शेजारच्या लेनच्या मध्यातून जाणारी मोटार दाराला लागणार नाही, तिच्याबद्दल इशारा दिला तर गजबजलेल्या रस्त्यावर इशारा कधी थांबणारच नाही. मात्र उभ्या गाड्यांना लागून येणारी सायकल नेमकी दाराच्या वाटेवर असते. त्यामुळे यंत्रणा येणाऱ्या वाहनाचा मार्ग पुढे वाढवून पाहते, तो दाराच्या कक्षेतून जातो का आणि किती सेकंदांत, हे काढते, आणि मगच दिवा पेटवते. कोणी हँडल ओढले किंवा दार उघडू लागले, की इशारा तीव्र होतो. इंडिकेटरने जो इरादा तिथे कळतो, तो इथे हँडलने कळतो.

सायकलस्वाराच्या बाजूने हिशेब केला की या सेकंदांचे मोल कळते. ताशी 20 किलोमीटर वेगाने येणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे येते. अचानक उघडलेले दार पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तीनेक मीटर लागले, तर दार आठ-नऊ मीटरच्या आत उघडल्यावर सायकलस्वाराला थांबणे शक्यच नसते. दारावर आदळणे किंवा भर रहदारीत रस्त्याच्या मध्याकडे वळणे, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरतात, आणि दुसरा मार्ग अनेकदा पहिल्यापेक्षा भयंकर ठरतो. दार त्याला लागले नाही म्हणून अपघातात दाराचा वाटा नव्हता, असे म्हणता येत नाही. यंत्रणेने सायकल सतरा-अठरा मीटरवर असतानाच इशारा दिला, तर आतल्या माणसाला हात थांबवायला सुमारे तीन सेकंद मिळतात. एवढा वेळ पुरेसा असतो. नव्या मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातील युरो एनकॅप या संस्थेने 2023 पासून आपल्या मूल्यमापनात उघडत्या दाराकडे येणाऱ्या सायकलस्वाराची चाचणी समाविष्ट केली.

इथेच दोन सूचनांमधला सर्वांत मोठा, पण सहसा न सांगितला जाणारा फरक दिसतो. ब्लाइंड स्पॉट वॉर्निंगचा श्रोता एकच असतो, तो म्हणजे चालक. आणि तो आरशाकडे पाहणारच असतो. दार मात्र कोणीही उघडते. मागच्या आसनावरच्या प्रवाशाला आरसा नसतो, मुलाला मागून येणाऱ्या वाहनाची कल्पना नसते, आणि उतरण्याच्या घाईत असलेल्या माणसाचे डोळे आरशावर नसून हँडलवर असतात. केवळ आरशात दिवा लावणारी यंत्रणा अशा प्रवाशासाठी जवळपास निरुपयोगी आहे. म्हणून काही उत्पादकांनी दाराच्या आतल्या बाजूला, हँडलजवळ, लाल प्रकाशपट्टी दिली आहे, आणि काहींनी त्यापुढे जाऊन दारच रोखून धरण्याची व्यवस्था केली. 2018 च्या ह्युंदाई सांता फेमध्ये मागून वाहन येत असेल तर मागच्या दारांचे इलेक्ट्रॉनिक चाइल्ड लॉक सुटत नाही. 2021 मध्ये आलेल्या लेक्सस एनएक्समध्ये दाराची कडीच विजेवर चालते आणि धोका दिसल्यास ती उघडण्याची क्रिया थांबवते. अशा गाड्यांत आणीबाणीत दार हाताने उघडण्याचा पर्यायी मार्गही दिलेला असतो, आणि तो कोणता, हे गाडी घेतल्या दिवशीच पाहून ठेवावे. माझ्या मते मुले किंवा वृद्ध मागे बसणाऱ्या घरासाठी दार रोखणारी किंवा निदान दारावर प्रकाश देणारी यंत्रणा निवडणे शहाणपणाचे आहे. नुसत्या आरशातल्या दिव्याला तेवढी किंमत देऊ नये.

दोन्ही सूचनांच्या मर्यादांपैकी काही समान आहेत. बंपरवर चिखल किंवा बर्फ साचला, त्यावर जाड स्टिकर चिकटवला, धातूचा गार्ड लावला किंवा दुरुस्तीनंतर रंगाचे थर वाढले, तर रडारची नजर मंदावते. दाराच्या सूचनेला मात्र स्वतःच्या काही मर्यादा आहेत, आणि त्या अधिक फसव्या आहेत. आपल्या मागे अगदी लगत मोठे वाहन उभे असेल, तर बंपरच्या कोपऱ्यातल्या रडारला मागचा रस्ता पुरेसा दिसत नाही. तिरप्या पार्किंगमध्ये रडारचे तोंडच रस्त्याच्या रेषेत नसते. समोरून, उलट दिशेने, येणारा सायकलस्वार मागच्या रडारच्या कक्षेत नसतो. शेजारचा खांब किंवा भिंत याबद्दलही ही यंत्रणा काही सांगत नाही, कारण तिला हलत्या वस्तूंशीच देणेघेणे आहे. शिवाय इंजिन बंद केल्यावर ती काही मिनिटेच जागी राहते. थांबलेल्या गाडीत बसून कोणी लांबलचक फोन उरकला आणि मग दार उघडले, तर दिवा न पेटण्याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा नसून यंत्र झोपले आहे असा असू शकतो.

आरशांच्या मांडणीबाबत दोन्ही प्रसंगांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात, हेही इथे नोंदवायला हवे. अभियंते जॉर्ज प्लॅट्झर यांनी 1995 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार चालकाने डोके आपल्या बाजूच्या काचेला टेकवून त्या बाजूचा आरसा असा लावावा की स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल, आणि दुसऱ्या बाजूच्या आरशासाठी गाडीच्या मध्याकडे झुकून तसेच करावे. अशा बाहेर वळवलेल्या आरशांमुळे लेनमधला न दिसणारा भाग बराच कमी होतो. परंतु सरळ बसल्यावर त्यांत स्वतःच्या गाडीची कड दिसत नाही, आणि गाड्यांना लागून येणारी सायकल दूर असताना नेमकी त्या कडेच्या रेषेत असते. लेनसाठी उत्तम असलेला आरसा दारासाठी त्यामुळे अपुरा पडतो. उतरण्यापूर्वी पुन्हा एकदा डोके काचेकडे झुकवले, की तीच हरवलेली पट्टी आरशात येते.

दारापासून दूर असलेल्या हाताने दार उघडण्याची सवय याच कारणासाठी शिकवली जाते. डच रीच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत हात आडवा नेताना खांदे आपोआप वळतात आणि नजर मागच्या रस्त्याकडे जाते. ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेत जानेवारी 2022 पासून ही शिफारस आहे. यंत्र नसलेल्या किंवा झोपलेल्या गाडीतही ही सवय कामाला येते, आणि मागे बसणाऱ्या प्रवाशांनाही ती शिकवता येते.

गाडीच्या सेटिंगमध्ये मात्र एक गोष्ट तपासून पाहावी. काही गाड्यांत डोअर एक्झिट वॉर्निंगला स्वतंत्र बटण नसते. ती ब्लाइंड स्पॉट सुविधेचाच एक भाग म्हणून चालते. दाटीच्या रहदारीत सतत वाजणाऱ्या आवाजाला कंटाळून ब्लाइंड स्पॉट वॉर्निंग बंद करणारा चालक अशा गाडीत नकळत दाराची सूचनाही बंद करून बसतो, आणि मागे बसलेल्यांना त्याचा पत्ताही नसतो. जिथे सोय असेल तिथे आवाज कमी करून दिवा चालू ठेवण्याचा पर्याय निवडावा.