ग्रोथ हॉर्मोनची गाठ: दाट कणांची की विरळ कणांची?

बोटातली अंगठी निघेनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. ग्रोथ हॉर्मोन जास्त झाल्याने होणाऱ्या या आजाराला ॲक्रोमेगली म्हणतात. बहुतेक रुग्णांत याच्या मुळाशी पिट्युटरीतली, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतली, ग्रोथ हॉर्मोन बनवणारी गाठ असते. शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टात ‘ग्रोथ हॉर्मोन पॉझिटिव्ह, पिट-1 (पेशीचा प्रकार ठरवणारं प्रथिन) पॉझिटिव्ह’ असं वाचलं की निदान पूर्ण झालं असं वाटतं. पण याच वर्णनात दोन वेगळ्या गाठी बसतात आणि त्या वेगळ्या वागतात.

कण म्हणजे पेशीत हॉर्मोन साठवणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या. दाट कणांच्या गाठीत पेशी त्यांनी गच्च भरलेल्या असतात. नेहमीच्या इओसिन रंगाने त्या गुलाबी होतात, आणि ग्रोथ हॉर्मोनच्या अँटिबॉडीचा, म्हणजे त्या हॉर्मोनलाच नेमकं चिकटणाऱ्या प्रथिनाचा, रंगही गडद, सर्वदूर चढतो. विरळ कणांच्या पेशी फिकट राहतात. अँटिबॉडीचा रंगही हलका, इथे-तिथे लागतो.

फसगत होते ती इथेच. अँटिबॉडी कणगीतलं धान्य दाखवते, शेतात किती पिकलं ते नाही. पेशीत साठा कमी असला तरी रक्तातलं हॉर्मोन भरपूर वाढलेलं असू शकतं. रंग न घेणाऱ्या, म्हणजे क्रोमोफोब, गाठी पूर्वी सरसकट निष्क्रिय समजल्या जात. ती समजूत इथे कोलमडते.

हा फरक नीट उलगडला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे. टोरांटोत काल्मान कोव्हाक्स आणि एवा होर्वाथ यांनी पिट्युटरीच्या गाठींचं वर्गीकरण पेशींच्या अंतर्रचनेवर उभं केलं. विरळ गाठीतले कण थोडे तर असतातच, शिवाय लहानही, साधारण 100 ते 250 नॅनोमीटरचे; दाट गाठीतले बहुतेक त्याहून बरेच मोठे. पण खरी खूण वेगळीच आहे. विरळ गाठीच्या पेशीत केंद्रकाला खेटून केरॅटिन या प्रथिनाच्या तंतूंचा गोळा बसलेला असतो, आणि त्याच्या दाबाने केंद्रक चंद्रकोरीसारखं वाकतं.

या तपासणीसाठी ऊतक शक्यतो सुरुवातीपासून ग्लुटाराल्डिहाइड या ऊतक टिकवणाऱ्या रसायनात ठेवावं लागतं. यंत्र महाग, जाणकार मोजके. सुदैवाने तो गोळा साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही पकडता येतो. कॅम 5.2 ही केरॅटिनची अँटिबॉडी लावली की विरळ गाठीत केंद्रकाशेजारी ठळक ठिपका उमटतो, दाट गाठीत केंद्रकाभोवती कडं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या वर्गीकरणानंतर रोजच्या निदानासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सक्ती उरली नाही. काही गाठी मात्र अधल्यामधल्या निघतात. तिथे किती पेशींत ठिपका आहे ते मोजावंच लागतं.

एवढा खटाटोप औषधासाठी. ग्रोथ हॉर्मोन कमी करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडच्या इंजेक्शनांना दाट गाठी सहसा चांगल्या दबतात. विरळ गाठी बहुधा तरुण वयात, आकाराने मोठ्या, आजूबाजूला घुसणाऱ्या असतात आणि त्याच इंजेक्शनांना कमी दाद देतात. मग दुसऱ्या उपायांचा विचार लवकर करावा लागतो. एमआरआयच्या टी-2 प्रकारच्या चित्रातही विरळ गाठी बऱ्याचदा उजळ दिसतात.

म्हणून रिपोर्टात केरॅटिनचा उल्लेख नसेल, तर रुग्णाने किंवा डॉक्टरांनी तो जरूर विचारावा. मेणातला ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असेल, तर हा रंग नंतरही करता येतो.